भीड आणि दुसऱ्याचा वाटा

मागील श्रावणात धर्मापुरीस सप्ताहातील एका सेवेचा योग आला. गाव जुने, परळी-अंबाजोगाईच्या टापूतले. केदारेश्वराचे दगडी देवालय आणि त्याच्या भिंतींवरील कोरीव मूर्ती पाहण्यास लांबलांबून माणसे येतात. कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी पांगली. मी उपरणे घडी करीत होतो, तो एक बाई मंडपाच्या खांबापाशी थांबलेली दिसली. डोईवर पदर, हातात प्रसादाचा द्रोण. तिने जरा अंतरावरूनच विचारले, "महाराज, येक इचारू का? घरच्या मोठ्या मानसाला नाही म्हनलं तर पाप लागतं का?"

मी म्हटले, "माय, कशाला नाही म्हणायचंय, ते तर सांग."

मग तिने सांगितले. मुलगी नववीत, पंधरा पुरी. नवराबायको दोघे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणार. पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा घोर होताच. तेवढ्यात चुलत सासऱ्यांनी स्थळ आणले. मुलाकडच्यांना हुंडा नको, खर्चही निम्मा ते सोसणार. भावकी म्हणते, उरकून टाका. "पोरगी रडती. माझं बी मन घेईना. पन त्यांनी आमच्या अडीनडीला पैसा दिलेला. कोन्या तोंडानं नाही म्हनू? आन् तुमीच आता सांगितलं की बळीनं देवाला नाही म्हनलं न्हाई."

सज्जनहो, शेवटचे वाक्य ऐकून मी निरुत्तर झालो. त्या दिवशी मी खरोखरच वामनावतार लावला होता. दातृत्वाचे वर्णन रंगले होते, टाळ्याही पडल्या होत्या. ती बाई ते दातृत्व पदरात बांधून पोरीला द्यायला निघाली होती. "विचार करून सांगतो," एवढेच मी म्हणालो. तो विचार येथे मांडीत आहे.

आपल्या भाषेत 'भीड' असा एक शब्द आहे. दया वेगळी, भीड वेगळी. दयेत समोरच्याचे दुःख दिसते. भिडेत समोरच्याच्या डोळ्यांत आपण कसे दिसू, हे दिसते. दोहोंत हात सैल सुटतो, म्हणून बाहेरून दोन्ही सारख्याच वाटतात. पण दया करून माणूस घरी आला की शांत झोपतो, आणि भिडेने होय म्हणून आला की बायकोवर खेकसतो. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण जुन्या माणसांनी जामीनकी, उसनवारी आणि पंगती पाहून केलेली आहे. संस्कृतात 'दाक्षिण्य' म्हणून एक गुण सांगतात, म्हणजे कोणाचे मन न मोडणे. गुण खराच. परंतु नाटकातला दक्षिण नायक सगळ्याच नायिकांशी गोड बोलतो आणि शेवटी सगळ्यांचेच रुसवे काढीत बसतो, हे ज्यांनी काव्यनाटके वाचली त्यांना ठाऊक आहे.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. भागवताच्या आठव्या स्कंधातील एकोणिसावा अध्याय पाहावा. कीर्तनात आम्ही बळी सांगतो, वामन सांगतो, आणि मधल्या शुक्राचार्यांना झारीत बसवून, डोळा फोडून हशा पिकवितो. ती झारीची गोष्ट लोकांत रूढ झालेली आहे. भागवतातले शुक्राचार्य झारीत शिरत नाहीत. ते राजाला समोर उभे राहून नीती सांगतात, आणि ती नीती मोठी मोलाची आहे. ते म्हणतात, ज्या दानाने आपली उपजीविकाच धोक्यात येते त्या दानाची जाणते लोक प्रशंसा करीत नाहीत. धनाचे पाच वाटे करावेत : धर्मासाठी, कीर्तीसाठी, पुढील धनवृद्धीसाठी, स्वतःच्या उपभोगासाठी आणि स्वजनांसाठी. पाचवा वाटा स्वजनांचा आहे, हे येथे लक्षात ठेवावे.

पुढे ते ऋग्वेदी परंपरेतील एक विचार सांगतात. ओम् म्हणजे होकार, आणि न म्हणजे नकार. जो मागेल त्याला प्रत्येक वेळी होयच म्हणतो, तो आतून रिता होत जातो, आणि स्वतःच्या गरजेलाही त्याच्याजवळ काही उरत नाही. उलट जो प्रत्येकाला नाहीच म्हणतो, त्याची घागर भरलेली राहते खरी, पण दुष्कीर्ती होते आणि श्वास चालू असूनही तो मेल्यात जमा होतो. दोन्ही टोके त्यांनी सांगितली. दृष्टांत झाडाचा दिला. फुले-फळे वर दिसतात, मूळ जमिनीत दडलेले असते. मूळ उघडे पडले की झाड वाळते. होकार हे फळ, नकार हे मूळ. फळे वाटायची म्हणून मूळ उपटून द्यायचे नसते. ऐतरेय आरण्यकातही हाच विषय आहे, आणि तेथे निष्कर्ष असा की, द्यावयाच्या वेळी द्यावे आणि न द्यावयाच्या वेळी देऊ नये. दोहोंची जोडी असावी.

शुक्राचार्य याच ओघात, कोणकोणत्या प्रसंगी खोटे बोलले तरी निंद्य नाही, याची यादी देतात. ती मात्र मी घेत नाही. खोट्याचा आधार घेतलेला नकार किती महागात पडतो, हे मी स्वतः भोगलेले आहे. ते पुढे येईलच.

येथे आक्षेप असा येईल : बळीने शुक्राचार्यांचे ऐकले नाही, आणि तरी, किंबहुना म्हणूनच, भगवंत त्याचे द्वारपाल झाले. मग नीती मोठी की दातृत्व मोठे?

याचे समाधान कथेतच आहे. एक तर शुक्राचार्य उशिरा बोलले. 'काय हवे ते माग' असे राजा आधीच बोलून चुकला होता. शब्द तोंडातून गेल्यावर नकार उरत नाही, उरते ते फक्त शब्द मोडणे. बळीने तेच उत्तर दिले की, देतो म्हणालो आहे, प्रल्हादाचा नातू होऊन आता कसा फिरू? दशरथाचे दुःखही याच जातीचे. काय मागणार हे न ऐकता वर देऊन ठेवले, आणि मागणे ऐकल्यावर नाही म्हणावयास जागा राहिली नाही. नकार हा पहिल्या दाराशी उभा करायचा पहारेकरी आहे. चोर माजघरात आल्यावर त्याला उठवून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बळीने दिले ते कोणाचे? स्वतःचे. दोन पावलांत राज्य गेले, आणि तिसऱ्यासाठी त्याने कोणाचे मस्तक पुढे केले? आपलेच. राणीला पुढे लोटले नाही, मुलाला लोटले नाही. हीच गोष्ट मी त्या दिवशी कीर्तनात सांगावयास विसरलो होतो.

बळीच्या शेजारी आता धर्मराजाला ठेवून पाहू. धर्मापुरीचे नाव घेतले की मला तोच आठवतो. विदुर हस्तिनापुराहून द्यूताचे बोलावणे घेऊन आला, तेव्हा युधिष्ठिराला सर्व कळत होते. जुगारातून कलह निघतो, हे तो स्वतःच्या तोंडाने बोलतो. तरी गेला. का? तर आव्हान आल्यावर माघार घ्यायची नाही असे त्याचे व्रत होते. आणि गेल्यावर काय लावले? धन लावले, ते एक वेळ त्याचे म्हणू. मग नकुल, मग सहदेव, अर्जुन, भीम, मग स्वतः आणि शेवटी द्रौपदी. बळीने शेवटी आपले डोके दिले, धर्मराजाने शेवटी बायको दिली. दोघांनीही 'नाही' म्हटले नाही, पण दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बरे, एकदा सर्व परत मिळाल्यावर वाटेतून पुन्हा बोलावले, तर पुन्हा गेला. धर्माचा पुतळा म्हणावा असा पुरुष, पण 'येत नाही' हे दोन शब्द त्याला दोनदा जमले नाहीत.

त्या सभेत नकार दिला तो द्रौपदीने. दासी म्हणून चल, असा निरोप घेऊन दूत आला, तर ती उठून गेली नाही. तिने त्याला प्रश्न देऊन माघारी पाठविले की, राजाने आधी स्वतःला हरले की मला? म्हणजे जो स्वतःचाच उरला नाही, त्याचा माझ्यावर हक्क कोठून आला? भीष्मासारखा ज्ञाता, 'धर्माची गती सूक्ष्म आहे' म्हणून बसला. बोलला तो विकर्ण, कौरवांतलाच एक भाऊ, आणि त्याला लहान म्हणून गप्प केले. बाईने प्रश्न विचारावा, थोरांनी माना खाली घालाव्यात आणि खरे बोलेल त्याला तुला काय कळते म्हणावे, हे चित्र भावकीच्या बैठकीत आजही दिसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, भिडेपोटी आपण जे देतो, ते बहुधा आपले नसते. जामीन राहतो तो बाप, आणि शिक्षण सुटते ते मुलाचे. ऐपत नसता तेराव्याची पंगत उठते, आणि विकला जातो तो घरातल्या बाईच्या गळ्यातला दागिना. उदारपणा आपल्या नावावर, आणि वाटा दुसऱ्याचा.

तुकोबारायांनी हा हिशेब किती चोख ठेवला होता पाहा. महिपतीबुवांनी चरित्रात सांगितले आहे की, वडिलार्जित सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवायची ठरली, तेव्हा भाऊ कान्होबा यांनी संसाराची अडचण सांगितली. तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. भावाचे भावाला दिले आणि आपले तेवढे बुडविले. एवढा विरक्त पुरुष, वैराग्याच्या भरात भावाच्या वाट्याला हात लावीत नाही! शिवाजी महाराजांनी पाठविलेला सन्मान त्यांनी परत केला, ही कथा सर्वांना पाठ आहे. परंतु कीर्तनकारासाठी त्यांनी जो नियम घातला, तो आम्ही फारसा सांगत नाही. जेथे कीर्तन करावे तेथले अन्न नको, कपाळी बुक्का नको, गळ्यात माळ नको, घोड्याबैलाला दाणावैरणसुद्धा मागू नये. द्रव्य देणारा आणि घेणारा दोघेही त्यांनी दोषी धरले. अन्नाचा एक घास घेतला की जिभेवर यजमानाची भीड बसते, आणि मग त्याच्या दारात त्याला बोचेल असे खरे बोलवत नाही, हे त्याचे मर्म. हा नियम पूर्णपणे पाळतो असे म्हणण्याची माझी छाती नाही. गाडगेबाबा पाळीत. ते पाया पडू देत नसत, आणि ऋण काढून सण करू नका, असे तोंडावर सांगत.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी श्रावणात एका गावच्या मंडळींना काल्याच्या कीर्तनाची तारीख दिली. आठ दिवसांनी दुसऱ्या मोठ्या गावाहून चारजण मोटार घेऊन आले. तारीख तीच. मी 'नाही' म्हणावयास हवे होते. मी म्हणालो, 'बघू.' हा 'बघू' आपल्याकडचा मोठा लबाड शब्द आहे. बोलणाऱ्याच्या मनात तो 'नाही' असतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात 'होय' होतो. त्यांनी पत्रिका छापून आणली. मग मी पहिल्या लहान गावास निरोप धाडला की, ताप भरला आहे, शिष्याला पाठवितो. मोठ्या गावाला जाऊन काला करून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हार गळ्यात घेऊनच गाडीतून उतरलो, तर ओट्यावर त्या लहान गावचे एक वृद्ध टाळकरी बसलेले. दोन एस.टी. बदलून माझ्या तापाची चौकशी करायला आले होते. पंचात डाळिंबे बांधून आणली होती. माझ्या गळ्यातल्या हाराकडे त्यांनी एकदा पाहिले. काही बोलले नाहीत. डाळिंबे ओट्यावर ठेवली, राम कृष्ण हरी म्हणाले आणि चालू लागले.

पाठशाळेत भागवत शिकलो तेव्हा शुक्राचार्यांची नीती पाठ केली होती. ती कळली त्या ओट्यावर. मोठ्या गावाला मी जे दिले, ते त्या म्हाताऱ्याच्या वाट्याचे होते.

तेव्हापासून मी एक करतो. नाही म्हणायचे तर पहिल्याच बैठकीत, पाणी पिण्याच्या आत म्हणतो, आणि खोटे कारण जोडीत नाही. खोट्या कारणाला समोरचा माणूस उपाय काढतो. 'ज्वारी काढायची आहे' म्हटले की तो म्हणतो, 'मग ज्वारी निघाल्यावर करू.' 'पैसा नाही' म्हटले की तो पैसा घेऊन येतो. आणि मग आपण दुसरे कारण शोधतो. 'मला हे करायचे नाही' या वाक्याला उपाय नसतो. सूर मात्र मऊ असावा. प्रल्हादाने बापाला एकदाही होय म्हटले नाही. शंड आणि अमर्क हे त्याचे शिक्षक, शुक्राचार्यांचेच पुत्र, त्यांनाही नाही म्हटले. पण बापाला कधी उणा शब्द बोलला नाही, आणि पुढे नृसिंहाने वर माग म्हटले तेव्हा स्वतःसाठी काही न घेता बापाची शुद्धी मागितली. देवालासुद्धा त्याने आधी नाहीच म्हटले की, मोबदला मागणारा तो सेवक नव्हे, वाणी होय.

प्रत्येक नकार चांगला, असे मात्र कोणी समजू नये. अर्जुनही 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसला होता, आणि त्या एका नकारासाठी भगवंताला अठरा अध्याय बोलावे लागले. तेथे अर्जुन आपल्या वाट्याचे काम टाकीत होता. आपल्या वाट्याला आलेले टाकणे आणि दुसऱ्याच्या वाट्याचे राखणे, या दोहोंना तोंडाने एकच शब्द लागतो. त्यामुळे घोटाळा होतो.

एवढे सांगून भागत नाही. ज्याच्या पायात आधीच दोरी आहे, त्याला 'धीराने नाही म्हण' असे मंडपातून सांगणे सोपे आहे. आमच्या बीड जिल्ह्यात मुकादम पावसाळ्यातच उचल देतो. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल घरात आली की कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत त्या दोघांचा 'नाही' गहाण पडतो. एक दिवस अंग मोडले, कामावर गेले नाही, तर खाडा लागतो आणि पैसे कापले जातात. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीने जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. पाळीच्या दिवसांतही फडात उभे राहायचे, न्हाणीघर नाही, पाणी नाही, खाड्याची धास्ती, आणि त्यातच पिशवी काढून टाक म्हणणारे डॉक्टर. यांतल्या किती जणींना नाही म्हणायला जागा होती? म्हणून नकार ऐकून घेणे हाही धर्माचाच भाग मानला पाहिजे. मुकादमाने, व्याह्याने, सासऱ्याने, आणि आम्हा बुवामहाराजांनीही. आम्हाला कोणी नाही म्हटले की आम्ही त्याला नास्तिक ठरवून मोकळे होतो.

त्या बाईला मी आठ दिवसांनी निरोप धाडला, आणि मग स्वतःच गेलो. चुलत सासऱ्यांनाही बोलावून घेतले. भागवत त्यांना सांगितले नाही, कारण वय झालेल्या माणसाला चारचौघांत पुराण सांगितले की ते त्याला टोमण्यासारखे लागते. एवढेच म्हणालो, "आबा, तुम्ही अडीला पैसा दिला, तो तुमचा मोठेपणा. तो यांनी फेडायचा. पण पोरगी ही त्या खतात लिहिलेली नाही." कायदाही सांगितला. २००६ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीला १८ आणि मुलाला २१ पुरी व्हावी लागतात. लग्न लावणारा, ठरविणारा आणि अक्षता टाकायला जाणारासुद्धा दोषी ठरतो. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गावात ग्रामसेवकाकडे हे लग्न थांबविण्याचा अधिकार आहे, आणि १०९८ या क्रमांकावर मुलीला स्वतःलाही कळविता येते. "अक्षतांना मीही येणार नाही," हे मी शेवटी बोललो. आबा बराच वेळ तंबाखू मळीत बसले. मग "तुमी म्हंता तसं" म्हणून उठले, पण चहा घेतला नाही.

पाहुणे ठरल्या दिवशी आलेच. त्या बाईने त्यांना पाट दिला, पाणी दिले आणि पोहे पुढे ठेवण्याआधीच उंबऱ्यात उभी राहून सांगितले, "पोरगी शिकायलीय. अठरा झाल्याबिगर लगीन न्हाई. तुमचं स्थळ चांगलंय, दुसरीकडं बगा." पाहुण्यांनी पोहे खाल्ले नि गेले. भावकीत दोन घरांनी बोलणे टाकले. गौरीच्या जेवणाला तिला बोलावणे आले नाही. पोरीची सोय हंगामी वसतिगृहात झाली, सुटीला आजी आहे.

दिवाळीच्या आधी मी पुन्हा त्या बाजूस गेलो होतो. ती हापशावर पाणी भरीत होती. मी म्हणालो, "माय, यंदा कार्तिकीला आमच्या दिंडीबरोबर चला दोघं. तुझं नाव सांगून ठेवलंय."

तिने घागर काठावर टेकवली. म्हणाली, "न्हाई महाराज, जमायचं न्हाई. परवा गाडी निघती. उचल घेतलीय."

"बरं," मी म्हणालो, आणि वहीतून तिचे नाव खोडले.